मागचा कॅमेरा

"काकू, हा कॅमेरा बिघडलेला नाहीच मुळी!" स्टुलावर चढलेला अलार्म कंपनीचा माणूस वरून ओरडला. "मागची वायर तेवढी निसटलीय. बघा, लागला."

ती मागच्या दाराशी उभी होती. वायर निसटलेली नव्हती. आदल्या संध्याकाळी याच स्टुलावर चढून तिनं ती ओढून काढली होती.

"मी म्हटलं नव्हतं?" नवरा आतून आला. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. "मी स्वतः बसवलेत चारही. चांगला माल आहे. नवीन घ्यायची गरज नाही."

"नकोच घ्यायला, काका. हेच आपल्या सिस्टीमला जोडून टाकतो. दारांना सेन्सर आपले, सायरन आपला, कॅमेरे तुमचे. आजवर हे नुसते बघत होते. आता बघतील आणि सांगतीलही. तुम्ही दोघं बाहेर असताना आवारात माणूस शिरला, की सायरन वाजणार आणि आमच्या कंट्रोल रूमला कळणार. तिथून लगेच तुम्हाला फोन."

"मागचा राहू दे ना पण," ती म्हणाली. "मागं आहे काय? धुणं वाळतं, मांजरं येतात. उगाच दिवसभर बोंबलत बसेल ते."

"मांजराला नाही वाजत, काकू. माणूस कुठला नि मांजर कुठलं, कळतं त्याला."

"आणि चोर काय पुढच्या दाराची बेल वाजवून येणार आहे?" नवरा म्हणाला.

तिच्याकडं उत्तर होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. सगळा जन्म इमारतींच्या अंधाऱ्या खड्ड्यांत आणि छपरावरच्या खोल्यांत गेला होता. माणूस कमी बोलणारा, पण हातचा चोख. त्याच्या हत्यारांच्या पिशवीला घरात कुणी हात लावत नसे. ती पिशवी एके दिवशी मुलानं विकली. त्याआधी तिचं शिलाई मशीन गेलं होतं, त्याआधी बरंच काही गेलं होतं. नशेपायी माणूस काय विकेल याचा नेम नसतो, हे दोघांना एव्हाना पाठ झालं होतं. पण पिशवी गेली त्या दिवशी नवऱ्यानं मुलाचे कपडे दाराबाहेर ठेवले आणि कडी लावली. आरडाओरडा केला नाही. त्यानं तो केला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढं पुष्कळदा वाटलं.

मग एका सकाळी दोन अनोळखी माणसं दार ढकलून आत आली. "कुठंय तो? आमचं घेऊन पळालाय," म्हणत त्यांनी कपाटं उपसली आणि आडवा आलेल्या नवऱ्याला असं भिरकावलं, की त्याचं मनगट मोडलं. बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही, डॉक्टर अजून सांगत नव्हते. साहेबांनी त्याला हलकं काम म्हणून दुसऱ्यांच्या कामावर देखरेखीला लावलं होतं. पत्ता मुलानंच दिला असणार, असं नवऱ्याचं म्हणणं. ती काही म्हणत नसे.

"पहिला फोन कुणाला करायचा?" कंपनीच्या माणसानं विचारलं.

"मला," नवरा म्हणाला. "मी नाही उचलला तर हिला."

ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती. वॉर्डांतून आलेल्या चादरी निवडायच्या, डागांच्या वेगळ्या काढायच्या, मोठ्या मशीनमध्ये घालायच्या, ओल्याचिंब बाहेर ओढायच्या. दुपारी मशीन थांबली, की बायका डबे उघडत. ती मात्र कपड्यांच्या ढिगाआड बसून आधी फोन उघडायची.

मुलाला घराबाहेर काढल्यावर थोड्याच दिवसांनी तो मागच्या दारी आला होता. "आई, काहीतरी दे खायला," एवढंच म्हणाला. तिनं उभ्या उभ्या दिलं आणि सांगितलं, "दारात येत जाऊ नकोस. बाबांनी पाहिलं तर मलाही बाहेर काढतील. मी कामावर जाताना पायरीवर बादलीखाली डबा ठेवत जाईन. दुपारी येत जा."

तेव्हापासून तो यायचा. रोज नाही, पण यायचा. मागची बुटकी भिंत ओलांडून, इकडंतिकडं बघत. बादली उचलायचा, डबा काढायचा, पायरीवर बसून खायचा. हे ती फोनवर बघायची. नवऱ्याच्या फोनमध्येही कॅमेरे दिसायची सोय होती, पण त्यानं ती कधी उघडली नाही. लिफ्टच्या खड्ड्यात रेंज कुठली? तिला ते उघडायला शेजारच्या मशीनवरच्या बाईनं शिकवलं होतं. "नवऱ्यावर पाळत ठेवतेस की काय गं?" म्हणून ती बाई हसली होती. हीही हसली होती.

आपल्याला आई बघतेय हे त्याला ठाऊक नव्हतं. तो निवांत खायचा. त्याचा सदरा खांद्यावरून किती सैल झालाय, पायात कुणाच्या चपला आहेत, आज केस धुतलेले दिसतात की नाही, हे बघता बघता तिच्या स्वतःच्या जेवणाची वेळ संपायची.

कंपनीचा माणूस काम आटोपून गेला. त्या रात्री ती छताकडं बघत पडून राहिली. मुलाकडं फोन नव्हता. तो कुठं निजतो हे तिला माहीत नव्हतं. सांगावा धाडायचा तरी कुणाबरोबर? नवऱ्याला सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. पण अंधारात त्याचा प्लास्टरचा हात उशीवर तसाच उताणा पडलेला दिसे, आणि शब्द माघारी फिरत.

सकाळी तिनं डबा बादलीखाली ठेवला नाही. भिंतीच्या पलीकडं, बाहेरच्या बाजूला एक वीट पुढं आलेली होती, तिच्यावर ठेवला आणि वर फडकं टाकलं. भिंतीपाशी आला की दिसेल. आत यायची गरजच पडणार नाही. अलार्म चालू झाल्याचा बारीक सूर ऐकून ती कामावर गेली.

दुपारी तिनं फोन उघडला तेव्हा तो भिंतीवर पाय टाकत होता.

त्यानं डबा पाहिलाच नव्हता. सवयीनं आला, सवयीनं आत उतरला. पायरीपाशी जाऊन बादली उचलली. खाली काही नव्हतं. बादली हातात घेऊन तो क्षणभर तसाच उभा राहिला आणि सायरन वाजला. फोनमध्ये आवाज येत नव्हता. पण तो असा दचकला, की आवाज तिलाही ऐकू आल्यासारखा झाला. त्यानं मान वर केली आणि थेट कॅमेऱ्याकडं पाहिलं.

"पळ रे," ती म्हणाली. "पळ, पळ!" बायका डबे सोडून तिच्याकडं बघायला लागल्या. तिनं नवऱ्याला फोन लावला. तो दुसऱ्या फोनवर होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तोवर अंगण मोकळं झालं होतं. बादली आडवी पडून जरा गडगडली आणि थांबली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा खुर्चीवर बसला होता. दिवा लावलेला नव्हता.

"कंट्रोल रूममधून एक बाई बोलत होती," तो म्हणाला. "फोटो पाठवला तिनं. म्हणाली, हा माणूस ओळखीचा आहे का?"

ती उभीच राहिली.

"मी म्हटलं, नाही."

"नीट बघून म्हणालात?"

"नीट बघून." त्यानं प्लास्टरचा हात मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला. "गाडी आली होती त्यांची. तोवर तो गेला होता. काही नेलं नाही म्हणाले."

"काय नेणार होता?" ती म्हणाली आणि आत गेली. भिंतीपलीकडचा डबा तिनं नंतर आणला. जेवण आंबलं होतं.

त्यानंतर तो आला नाही.

ती रोज विटेवर डबा ठेवत राहिली. बहुतेक संध्याकाळी तो भरलेलाच परत मिळे. कधी फडकं जमिनीवर आणि झाकण पलीकडं दिसे, मग एखादा कुत्रा शेपूट हलवत लांब बसलेला दिसे. दुपारी फोन उघडला, की पायरी दिसे, दोरीवरचे कपडे दिसत, ऊन सरकताना दिसे. थंडी पडली तशी ती सुट्टीच्या दिवशी पुलाखाली, बसस्थानकामागं फिरून यायला लागली. तिथं बसलेल्या पोरांपैकी एकानं "मावशी, तो शहर सोडून गेला" म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, "कसला जातोय! इथंच असेल पडलेला." लॉन्ड्रीत चादरींचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या वॉर्डबॉयला ती विचारी, "काल कुणी बेवारस आलं का रे? तरुण?" सुरुवातीला तो नीट उत्तर द्यायचा. पुढं पुढं लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. ती गठ्ठे उघडायची, डागांच्या चादरी वेगळ्या काढायची, आणि त्यांच्याकडं नको इतका वेळ बघत राहायची.

नवऱ्याचं प्लास्टर निघालं. दोन बोटं वळेनात. ती मुलाला शोधत हिंडते हे त्याला ठाऊक होतं. तो विचारत नव्हता आणि ती सांगत नव्हती. एका सकाळी मात्र त्यानं कामावर जायचे कपडे घातले, बूट घातले आणि दारात थांबून म्हणाला, "चल, तक्रार देऊन येऊ. हरवल्याची."

पोलीस ठाण्यात हवालदारानं नाव, वय, उंची लिहून घेतली. शेवटचा कधी दिसला, विचारलं. नवऱ्यानं सांगितलं. हवालदारानं मान वर केली. "इतके दिवस काय करत होता?"

ती पिशवीचा बंद सोडायला लागली.

"बरं, फोटो?"

तिनं पिशवीतून शाळा संपल्यावर काढलेला फोटो पुढं केला. गुबगुबीत गाल, तेल लावून बसवलेला भांग.

"हा काय कामाचा, बाई? अलीकडचा द्या."

अलीकडचा नव्हता. नशेच्या त्या वर्षांत कुणी त्याचे फोटो काढले नव्हते. तेवढ्यात नवऱ्यानं खिशातून फोन काढला आणि टेबलावर सरकवला. कंट्रोल रूममधून आलेला तो फोटो त्यानं पुसला नव्हता.

हवालदारानं बोटांनी फोटो मोठा केला. "हां, याच्यात चेहरा स्पष्ट आहे. कुणी काढला?"

"घरच्या कॅमेऱ्यानं."

"आणि हातात काय आहे हे? बादली?" हवालदाराला हसू आलं. "बादली चोरत होता काय?"

नवऱ्यानं वाकून फोटो पाहिला. मग तिच्याकडं पाहिलं.

"त्याखाली त्याचा डबा असायचा," ती म्हणाली. "मी ठेवायची. त्या दिवशी नव्हता."

हवालदाराचं हसू गेलं. तो खाली मान घालून लिहायला लागला.

काम संपल्यावर दोघं समोरच्या बसथांब्यावर येऊन बसले. रस्त्यावर धूळ होती. बराच वेळ नवरा आपली न वळणारी बोटं दुसऱ्या हातानं चोळत राहिला.

"कधीपासून ठेवत होतीस?"

"तुम्ही काढून दिल्यापासूनच."

"आणि तुला दिसायचा तो?"

"दुपारी. फोनवर."

"मग असेल की ते सगळं त्यात. दाखव मला."

"नाही राहिलं. जागा भरली की जुनं पुसलं जातं. तो एकच फोटो राहिलाय."

बस आली. कंडक्टरनं दारातून पाहिलं. कुणी उठलं नाही. बस गेली.

"वाटाणे काढून टाकायचा का?" नवऱ्यानं विचारलं. "घरी ताटाच्या कडेला रांग लावायचा त्यांची."

"नाही. सगळं खायचा."

"वाटाणेसुद्धा?"

"वाटाणेसुद्धा. डबा नळाखाली धुवायचा आणि बादलीखाली पालथा घालून जायचा."

त्यानं मान हलवली. मग पुन्हा हलवली. दुसरी बस लांबून येताना दिसली तशी तिनं पिशवी उचलली.

"थांब," तो म्हणाला. "हीपण जाऊ दे. बसायचा कसा, ते सांग. दाराकडं पाठ करून, की तोंड करून?"

"तोंड करून," ती म्हणाली. "दाराकडं बघत खायचा."