आतला ठोका

मी एक कागद आहे, गुलाबी चौकटींचा. एका सुताराच्या छातीतले ठोके माझ्यावर उतरले, तेव्हापासून मी त्याचा झालो.

माझ्यावर लिहायला शाई लागत नाही. गरम टोक टेकलं की तेवढाच भाग काळा होतो. त्या दिवशी दवाखान्यातल्या बाईंनी सुताराच्या हातापायांना चिमटे लावले, छातीवर सहा वायरी चिकटवल्या आणि म्हणाल्या, "काका, हलू नका. बोलूही नका." यंत्र कुरकुरलं आणि मी बाहेर आलो.

डॉक्टरांनी मला उजेडात धरून बारक्या चौकटी मोजल्या. "ठोका रुंद आहे, शेंड्याला खाच आहे. हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा निरोप जरा उशिरा पोचतो. बाकी सगळं ठीक आहे, भिऊ नका. पण हा ईसीजी जपा. पुढे कधी छातीत दुखलं, तर हा बघूनच कळेल की बिघाड जुना आहे का नवा."

"माझ्याकडे द्या," सुताराची बायको म्हणाली. "यांच्या हाती गेला तर संध्याकाळपर्यंत त्याच्यावर दाराची मापं लिहून ठेवतील."

दोन वर्षं मी फायलीत होतो. रेघा फिकट होत चालल्या, ते तिच्याच लक्षात आलं. मग ती मला घेऊन लॅमिनेशनच्या दुकानात गेली.

"काकू, असा पक्का करतो की पाण्यात टाकलात तरी काही व्हायचं नाही," दुकानदार म्हणाला.

तापलेल्या रुळांमधून मी गेलो. दुखलं वगैरे नाही. सगळीकडून सारखी आच लागली, म्हणून सगळा सारखा काळा झालो.

"हे काय झालं हो?"

"कागदच तसला असेल, काकू."

तिने घरी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता वर्ष गेलं.

आज सकाळी सुताराच्या छातीत दुखायला लागलं. मोठ्या इस्पितळात त्याचा नवा ईसीजी निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हा बिघाड जुना आहे का? आधीचा कागद आहे?"

बायकोने मला पुढे केलं. बाईंनी मला पालथं केलं, तिरपं धरलं, खाली ठेवलं.

"जपायला गेले," ती म्हणाली.

सुतार खाटेवरून म्हणाला, "अगं, मला सांगायचंस. दुसरा काढून घेतला असता."



"मग मला हा बिघाड आजचाच धरून चालावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनगटातून हृदयापर्यंत बारीक नळी घालून बघू. थोडा धोका असतो."

नवा कागद माझ्याशेजारीच पडला होता. तोच रुंद ठोका, तीच खाच. माझ्या काळ्याखाली अगदी तस्साच आहे. मी ओळखला. सांगणार कसा?

तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याची साधी झेरॉक्स काढून ठेवा. त्याला आच लावू नका. आणि बिघडलाच, तर त्याच दिवशी सांगून टाका.

सुताराला आत नेलं. परिचारिकेने बायकोपुढे संमतीचा कागद धरला. बाकावर टेकवायला काही नव्हतं. तिने मला मांडीवर घेतलं, वर तो कागद ठेवला आणि सही केली. मी टणक आहे. पेन कुठे अडलं नाही.