बरे झालेले तेवढेच

धाकट्या डॉक्टरीणबाईंचं डोकं सकाळीच फिरलं. झालं असं, की शिवणकाम करणारी एक बाई खोकत खोकत त्यांच्या दवाखान्यात आली आणि म्हणाली, "थोरल्या डॉक्टरांनी त्या कमी दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. काही उपयोग झाला नाही. मग दुसऱ्या दिल्या." थोरले डॉक्टर म्हणजे डॉक्टरीणबाईंचा सख्खा भाऊ. आणि त्याने पाठवलेल्या नोंदींत बरा न झालेला एकही माणूस नव्हता. ही बाईही नव्हती.

या नोंदींसाठी डॉक्टरीणबाईंनी काय कमी खस्ता खाल्ल्या होत्या? गल्लीबोळातल्या फॅमिली डॉक्टरांना गोळा करून त्यांनी संशोधनाचं एक जाळं विणलं होतं. छातीत कफ झाला की अँटिबायोटिक कमी दिवस देऊन भागतं का, एवढा साधा प्रश्न. येईल त्या पेशंटची नोंद करायची, बरा झाला तरी आणि नाही झाला तरी. मोठ्या हॉस्पिटलातले लोक हसले होते, दवाखानेवाले कसलं संशोधन करणार म्हणून. तरी दारोदार फिरून डॉक्टरीणबाईंच्या चपला झिजल्या. निम्मे डॉक्टर तर नुसते थोरल्यांच्या शब्दावर आले होते. आणि सगळ्यांनीच कमी दिवसांचा डोस सुरू करायचा का, हे परवाच्या बैठकीत ठरणार होतं.

भावाचा दवाखाना पुढे, घर मागे. डॉक्टरीणबाई तरातरा आत शिरल्या. शेवटचा पेशंट बाहेर पडेपर्यंत दातओठ खात उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी दार लावून घेतलं.

"दादा, जे बरे झाले नाहीत ते कुठे गेले?"

थोरले गडबडले नाहीत, हेच तर संतापजनक. "अगं, तुझ्यासाठीच वगळले. तुझं काम यशस्वी व्हायला नको? ते हॉस्पिटलवाले टपूनच बसलेत."

"हे काय शाळेचं प्रगतिपुस्तक आहे, लाल शेरे खोडायला? उद्या तुझ्या भरवशावर सगळे तोच डोस देतील. माणसं आजारी पडतील, दादा. आणखी कुणाला शिकवलास हा शहाणपणा?"

थोरले स्टेथोस्कोपची नळी गुंडाळत बसले. "आपल्या जाळ्यातला तो दाढीवाला डॉक्टर विचारत होता, नोंदी कशा द्यायच्या. म्हटलं, बरे झालेले तेवढेच दे. पुढे त्याने कुणाला सांगितलं असेल तर माहीत नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "बैठक होईल, पण डोस ठरणार नाही. आणि का नाही ठरणार, ते तू सगळ्यांसमोर सांगायचं."

"अर्धे जण उठून जातील. पुन्हा जमणार नाहीत."

"जाऊ देत. खोटं सांगणारे जमवून मी काय लोणचं घालू?"

तेवढ्यात मागच्या खोलीतून खोकला ऐकू आला. खोल, चिकट. असले खोकले ऐकण्यात बाईंची हयात गेली होती.

"हे कधीपासून?"

"तू दवाखाने हिंडत होतीस तेव्हापासून," थोरले हळूच म्हणाले. "तिलाही कमी दिवसांच्याच दिल्या होत्या. लागू पडल्या नाहीत. आता जास्त दिवसांचा डोस चालू आहे, खोकला उतरतोय."

"आणि नोंद?"

"आईची कसली नोंद करायची गं?"

आई दारात येऊन उभी होती. धाप लागलेली, पण डोळ्यांत अंगार. "भांडा खुशाल. फक्त मला सांग रे, मी तुझी पेशंट होते की नव्हते?"

"होतीस."

"मग लिही. म्हातारी बरी झाली नाही म्हणून लिही. माझ्यावर लागू पडलं नाही ते दुसऱ्याच्या आईला देणार, आणि वर सांगणार सगळे बरे होतात म्हणून? लाजा नाही वाटत?"

थोरल्यांनी पेन उचललं. बाईंना वाटलं, झालं, आई आपल्या बाजूची. त्या पुढे झाल्या, आईच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "आई, आता कसं वाटतंय?"

आईने तो हात बाजूला केला. "गल्लोगल्लीच्या पेशंटची चौकशी झाली तुझी. मला आज विचारतेस," ती म्हणाली आणि आत निघून गेली.