बिनपट्ट्याच्या जोडीचं गाऱ्हाणं

मी एक जुनी जोडी आहे, मैत्रिणींनो. कोल्हापुरातली जोडी म्हटलं की तुम्ही लगेच पायांकडे बघणार! अहो, मी चपलांची नव्हे. मी सिलिकॉनच्या दोन पातळ कपांची जोडी. आतून चिकट. ब्रा घालायची नसेल तेव्हा बायका मला छातीवर चिकटवतात. वरून कपडा नीट बसतो, आतलं काही दिसत नाही आणि खांद्यावर पट्टा येत नाही.

मशीनमधून निघाले, डबीत बसले आणि कुरिअरने राजारामपुरीत अवंतिकाकडे आले. अवंतिका गणित शिकवते. गाडीवरून पडून तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण ब्राचा पट्टा नेमका तिथंच रुतायचा. फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात खाली यायचा. शिकवणं सोडावं लागणार, या धास्तीनं तिची झोप उडाली होती.

पहिल्या दिवशी माझाच जीव खालीवर. घाम आला तर? मी सुटले तर? पण शाळा सुटेपर्यंत मी टिकले. घरी आल्यावर अवंतिका आरशासमोर चक्क हसली. मला केवढा अभिमान वाटला!

तिच्या सासूबाईंना, सरोजिनीबाईंना, मात्र मी डोळ्यांसमोर नको होते. "ब्रा न घालता वर्गात जायचं? लोक काय म्हणतील?" असं म्हणून त्या तोंड फिरवायच्या. मी डबीत चडफडत बसायचे.

मग पेठ वडगावच्या एका शाळेतून बोलावणं आलं. कायमची नोकरी होती, पण आधी पाठ घेऊन दाखवायचा होता. त्या सकाळी अवंतिकानं मला लावलं आणि मी पटकन गळून पडले. पुन्हा दाबलं, पुन्हा पडले. माझ्या चिकट बाजूवर कुणीतरी पावडर थापली होती!

"आई, मुद्दाम केलंत ना?" अवंतिकाला रडू फुटलं.

"मुद्दाम कशाला करीन गं? काल डबी उघडी दिसली, म्हणून जपायला लावली की! शेकायची रबरी पिशवी मी पावडर लावूनच ठेवतोय. चिकटून खराब हुईत न्हाय."

"अहो आई, चिकटणं हेच या जोडीचं काम आहे!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला उचललं, कोमट पाण्यात साबणानं हलक्या बोटांनी धुतलं. टॉवेल घेणार, तोच अवंतिका ओरडली, "नको, धागे चिकटतील!" मग दोन्ही तळव्यांवर मला घेऊन त्या खिडकीत उभ्या राहिल्या. एसटीची वेळ होत आली होती आणि मी काही केल्या वाळेना.

समोरच्या अंबूबाईंनी विचारलंच, "काय वाळवताय ओ?"

मी शरमेनं अर्धी झाले. सासूबाई मात्र ठणकावून म्हणाल्या, "माझ्या सुनेचं हाय!"

वाळले बाई एकदाची! वडगावात अवंतिकानं फळा वरपासून खालपर्यंत भरला. मी जागची हलले नाही.

ती घरी आली तेव्हा सासूबाई दारातच होत्या. नोकरीचं त्यांनी विचारलंच नाही.

"खांदा दुखला काय गं?"

"नाही, आई," अवंतिका म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

आता माझा चिकटपणा ओसरलाय. उद्या नवी जोडी येईल. तिला धुवा, सावलीत वाळवा, पावडर तेवढी लावू नका. आणि घरातली बाई काय घालते हे बघण्याआधी, तिला कुठं दुखतंय ते विचारा.