शेव्हेलच्या मागची दांडी

हर्षवर्धन गाडीखालून बाहेर सरकला, हातमोजे काढले आणि मिलिंदकडे न बघता नीलिमाला म्हणाला, “वहिनी, ही मागची दांडी नंतर कुणीतरी बसवलीय. फॅक्टरीची नाहीये.”

गॅरेजच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या मिलिंदने डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. “डबा,” तो म्हणाला. मग जोर लावून पुन्हा, “डबा.”

भूक लागली असेल म्हणून नीलिमा आत गेली आणि उपमा गरम करून घेऊन आली. मिलिंदने वाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

ऑक्टोबरात त्याला स्ट्रोक आला, तेव्हा ही जुनी अमेरिकन शेव्हेल गाडी टोरांटोच्या एटोबिको भागातल्या त्यांच्या गॅरेजात चाकं काढून स्टँडवर चढवलेली होती. नागपूरहून कॅनडात आल्यापासून नोकरी, आंबेडकर असोसिएशनची कामं, मुलीचं, अनुयाचं शिक्षण यांतच मिलिंदची वर्षं गेली होती. स्वतःसाठी म्हणून त्याने घेतलेली ही एकच वस्तू. कारखान्यातूनच ती कडक सस्पेन्शन घेऊन आली आहे, वळणावर कलू नये म्हणून पुढे जाड दांडी आहे आणि मागेही एक आहे, हे तो येईल त्याला सांगायचा. आता उजवी बाजू लुळी पडली होती आणि शब्द जागेवर राहिले नव्हते. चहाला तो खिडकी म्हणायचा आणि नीलिमाला कधीकधी अनुया.

हर्षवर्धन पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. जुन्या गाड्यांच्या नादातून मिलिंदशी ओळख झालेला. माणूस चांगला होता. सगळं जुनं काढून सस्पेन्शनचं नवं किट बसवू, मग गाडी लगेच विकली जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. अनुयानेही व्हँकुव्हरहून तेच सांगितलं, “ममा, जस्ट सेल इट. तुला ती कार कधी आवडली पण नाही.”

ते खरंच होतं. पण मिलिंद बोलता असता तर हर्षवर्धन त्याच्याकडे पाठ करून बोलला नसता, हे नीलिमाच्या मनातून जाईना. शनिवारी तिने मिलिंदचा जुना पार्का कोट चढवला, पुठ्ठा अंथरला आणि पहिल्यांदा त्या गाडीखाली शिरली.

फोनवर तिने मागची दांडी नसलेल्या साध्या शेव्हेलच्या मागच्या आर्मचे फोटो शोधून ठेवले होते. मागच्या चाकांचा आस गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारे ते आर्म खालून उघडे होते, पन्हळीसारखे. तिने वर हात घालून चिखलाचा थर खरवडला. इथे पन्हळ नव्हती. खालून लोखंडी पट्टी जोडून आर्म डब्यासारखा चारही बाजूंनी बंद केलेला होता, आणि दांडी त्यालाच बोल्टने आवळलेली होती.

 ती पुठ्ठ्यासकट बाहेर सरकली.

“डबा,” ती म्हणाली. “तुम्ही आर्मबद्दल सांगून राहिले होते. अन् मी उपमा आणला.”

मिलिंदने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने पार्काच्या बाहीने ते पुसलं, तर त्याच्या गालाला ग्रीस लागलं.

हर्षवर्धनला तिने त्याच दिवशी बोलावून घेतलं. त्याने वेल्डिंगची शिवण पुसून नीट पाहिली, एकसारखी, यंत्राची. पुढच्या दांडीची जाडी मोजली. मग तो खुर्चीसमोर जाऊन उकिडवा बसला. “दादा, तुमचं बरोबर होतं. फॅक्टरीतून मागची दांडी यायची तेव्हाच आर्म असे बंद असायचे. ओरिजिनलच आहे,” तो मिलिंदला म्हणाला.

त्यानंतर नवं किट नाही, हे नीलिमाने ठरवूनच टाकलं. स्प्रिंगा, आर्म, दोन्ही दांड्या ठेवायच्या. गेले ते फक्त कडक झालेले रबरी बुश, ढिले बॉल जॉइंट आणि तेल गळणारे शॉक अॅब्सॉर्बर. पुढच्या दाबलेल्या स्प्रिंगा धोक्याच्या, त्या हर्षवर्धनने काढल्या. बाकी तिने केलं. ऑफिसातून आली की हीटर लावायची आणि घासत बसायची. गंजलेला बोल्ट हलेना तेव्हा ती त्यावर तेल सोडायची, जेवायची आणि पुन्हा येऊन जोर लावायची. कंबर धरली, नखं काळी झाली. असोसिएशनच्या बायकांनी विचारलं, हे काहून करून राहिली? “अर्धवट आहे म्हणून,” तिने सांगितलं.

नवे बुश घालून ती बोल्ट आवळायला लागली, तर मिलिंदने खुर्चीतून आवाज दिला आणि पंजा उलटा करून जमिनीकडे दाबला. दोनदा बघितल्यावर तिला कळलं. आधी गाडी चाकांवर उतरव, भार येऊ दे, मग आवळ. हर्षवर्धन हसून म्हणाला, हे आपण विसरलोच होतो, असंच आवळलं असतं तर रबर पिळून फाटलं असतं.

मे महिन्यात, हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर टाकलेलं मीठ धुऊन गेल्यावर तिने गाडी बाहेर काढली. मिलिंदला शेजारी बसवलं, पट्टा आवळला. गाडीचं स्टिअरिंग जड होतं, आणि हायवेवर जाणाऱ्या गोल रॅम्पवर तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

स्ट्रोकनंतर कुठल्याही गाडीत वळण आलं की मिलिंदचा तोल जायचा. आधीच डावा हात पुढे डॅशबोर्डवर टेकवून तो स्वतःला सांभाळायचा. नीलिमा वेग कमी करणार होती. पण गाडी कलली नाही. रस्त्याला धरून ती वळत राहिली, आणि मिलिंद ताठ बसून पुढे बघत होता, हात मांडीवर ठेवून.