जिभेखालची दहा मिनिटं

जीवनच्या जिभेखाली गोळी असली की त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, असा वणीच्या व्यसनमुक्ती केंद्रातला कायदा होता. बोललं की थुंकी सुटते, थुंकीबरोबर गोळी पोटात जाते, आणि पोटात गेली की ती काही कामाची राहत नाही. तिनं जिभेखालीच विरघळायचं, दहा मिनिटं, तोंड मिटून. समोर स्टुलावर नर्स उर्वशीताई बसायच्या आणि शेवटी तोंड उघडायला लावून टॉर्च मारायच्या. एके काळी कोळशाचा डंपर हाकणारा, शिवी दिल्याशिवाय गिअर न बदलणारा हा गडी आता टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा, आणि रोज सकाळी दहाला इथं येऊन पहिलीतल्या पोरासारखा गप्प बसायचा.

ती दहा मिनिटं मात्र मोठी अजब होती. कडवट चव पसरू लागली की त्याचे डोळे मिटायचे आणि मिटल्या डोळ्यांसमोरून बैल जायचे. पांढरे, लांब शिंगांचे, पाठीवर मिठाच्या गोण्या लादलेले. आजोबा सांगायचे तो जुना तांडा, जो मुलूखभर मीठ वाहत फिरायचा आणि कुठंच राहायचा नाही. घुंगरं वाजायची, धूळ उडायची, पण तिनं ठसका लागायचा नाही. जीवन बैलांच्या बाजूनं चालायचा. काल जिथं थांबला तिथूनच आज वाट सुरू व्हायची. एकदा त्यानं उर्वशीताईंना विचारलंसुद्धा, "ताई, हे बैल गोळीनं दिसते का?"

"गोळीनं बैल दिसत नाही," त्या रजिस्टरमधून डोकं वर न काढता म्हणाल्या. "तू कितीक वर्षांनी दहा मिनिटं गप्प बसून राह्यला, म्हणून दिसते."

गोळीआधीची तीन वर्षं गर्दच्या नशेनं खाल्ली होती. डंपरच्या रांगेत कोणीतरी पन्नीवर जाळून धूर ओढायला दिली, कंबरदुखी जाते म्हणून. कंबरदुखी गेली. मग नोकरी गेली, लायसन गेलं, आणि शेवटी आर्णीजवळच्या तांड्यावरच्या घरातून, आईच्या पेटीतली चांदीची घुगरी-टोपलीही गेली. केसांत घालायचे ते दागिने लालीबाईनं नवरा वारल्यावर उतरवले होते आणि नातीसाठी, राखीसाठी, जपून ठेवले होते. राखीची आई ती तान्ही असतानाच गेलेली. त्या पोरीचं म्हणावं असं जगात एक आजी आणि एक ती चांदी, आणि तीच बापानं विकली. असल्या माणसाला काय म्हणावं! तांड्याच्या नायकानं, धावजीनं, सगळ्यांना बसवून निकाल दिला: नशेचं काही तोंडात घालणार नाही अशी देवीची आण घेशील, तेव्हाच तांड्यात पाय ठेव. लालीबाई त्या दिवसापासून लेकाशी एक शब्द बोलली नव्हती. त्याला आता दोन वर्षं झाली.

आण घ्यायला जीवन एकदा निघाला होता. होळीला. तेव्हा गर्दची तलफ दाबणारी केंद्राची गोळी सुरू होऊन पाच महिने झाले होते. नायकाच्या आणेत गोळीही येते असं समजून त्यानं नको तो शहाणपणा केला. देवीपुढं खोटं नको म्हणून चार दिवस आधीच गोळी बंद केली. पाचव्या दिवशी तो तांड्यावर नव्हता, बसस्टँडमागं पन्नी जाळत बसला होता. देवीशी प्रामाणिक राहायला गेला आणि मरता मरता वाचला. उर्वशीताईंनी परत आणून उभा केला तेव्हा चांगलाच झापला होता.

"साखरेचा पेशंट रोज सुई घेते, त्याले तू नशेबाज म्हणतं का? गोळी कमी कधी करायची, बंद कधी करायची, ते डॉक्टर सांगतीन. आण नाही सांगत."

उन्हाळ्यात जीवनची बहीण बबिता राखीला घेऊन केंद्रात आली होती. नऊ वर्षांची पोर बापाला प्रश्नावर प्रश्न विचारत राहिली आणि बाप नुसता हुं हुं करत राहिला. उर्वशीताईंनी तिला कायदा समजावून सांगितला. मग राखीनंही स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि बापाच्या बाजूला दहा मिनिटं बसून राहिली. त्या दिवशी जीवनला बैल दिसले नाहीत. पोरीच्या केसांना येणारा खोबरेल तेलाचा वास तेवढा आला.

श्रावणात राखीची पहिली तीज होती. तांड्यातल्या कुवार पोरी टोपलीत माती भरून गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, आणि शेवटच्या दिवशी ते पिवळे कोंब उपटून आधी नायकाच्या, मग बापा-भावांच्या पागोट्यात खोचतात. राखीनं बबिताच्या फोनवरून विचारलं, "बा, माही तीज सगळ्यायहून उंच वाढली. मी कोणाच्या पागोट्यात खोचू?"

फोन ठेवल्यावर जीवननं दोन गाड्यांची चांगली चाकं खोलून ठेवली आणि पंक्चर तसंच राहिलं. मालकानं शिव्या घातल्या, त्या त्याला ऐकूही आल्या नाहीत.

त्यानं तीजेला तांड्यावर जायचं ठरवलं, तेव्हा डॉक्टरांना विचारून उर्वशीताईंनी एका दिवसाची गोळी पुडीत बांधून दिली. "ही उद्याची. दुसरी नाही. परवा दहाले मले इथं दिसला पाहिजे."

पहाटे निघालेली गाडी वाटेत बंद पडली आणि तांड्याच्या फाट्यावर उतरेपर्यंत बारा वाजून गेले. धक्क्यांनी गिळली जाईल म्हणून गोळी अजून पुडीतच होती. पऱ्हाटीच्या शेतांवर ऊन कसं दुधासारखं सांडलं होतं. जीवनला लागोपाठ जांभया आल्या, अंगावर काटा आला. दोन तास उशिरानं काही बिघडत नाही, असं ताईंनी बजावलं होतं, पण होळीची भीती त्याच्या हाडांत बसली होती. आधी गोळी, मग आण, असं त्यानं ठरवलं. पळसाखाली बसला, पुडी सोडली, गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटले.

बैल आले. आज त्यांच्यामागून गाणंही येत होतं, बायकांचं, ओळखीच्या चालीचं. मिठाच्या गोण्यांवर पिवळे कोंब डुलत होते. किती सुंदर, असं त्याच्या मनात आलं. गाणं जवळ आलं, अगदी कानाशी आलं आणि थांबलं, तेव्हा त्यानं डोळे उघडले. समोर सगळा तांडा उभा होता. पोरींच्या डोक्यांवर तीजेच्या टोपल्या होत्या. मिरवणूक याच वाटेनं नाल्यावर जाते, हे तो पार विसरून गेला होता.

"आला का रे, जीवन?" धावजी नायक म्हणाला. "बरं झालं. सगळ्यायच्या समोर बोल. घे आण."

जीवननं तोंड मिटलेलंच ठेवलं. ओठांकडं बोट केलं, हात जोडले. बोललं तर गोळी जाणार, आणि दुसरी गोळी होती वणीला.

"बोल ना! मुका झाला का?"

"पाहा पाहा, आताबी काहीतरी हाये त्याच्या तोंडात!" तांड्यातला उत्तमसिंग ओरडला. त्याच्या स्वतःच्या गालात तंबाखूचा खर्रा होता, तो सांभाळत ओरडला. बायका कुजबुजल्या. लालीबाई कडेला उभी होती, तिनं पाठ फिरवली. ती पाठ पाहून जीवनच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण तोंड काही त्यानं उघडलं नाही.

तेवढ्यात राखी रांगेतून पुढं आली.

"नायक, बा बोलणार नाई. त्याच्या जिभेखाली दवा हाये. ते इरघळेलोक बोलाचं नसते." तिनं टोपली मांडीवर घेतली, बापाला खेटून बसली आणि ओठांवर बोट ठेवलं.

धावजीनं दोघांकडं पाहिलं. तोही रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यायचा.

"किती टाइम लागते, छोरी?"

राखीनं ओठांवरचं बोट न काढता दुसऱ्या हाताची पाच बोटं दोनदा दाखवली. नायक दगडावर बसला. नायक बसला म्हणून मग सगळेच बसले, उत्तमसिंगही. अख्खा तांडा भरदुपारी रस्त्यात गप्प बसलेला कोणी पाहिला नसेल. वारा सुटला होता. जीवनला डोळे उघडे असून बैल दिसले. ते माणसांमधून वाट काढत आले, लालीबाईच्या पाठीशी येऊन थांबले आणि कोणीतरी त्यांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवल्यासारखे हलके होऊन उभे राहिले.

राखीनं बापाच्या तोंडात डोकावून पाहिलं. "गेली," ती म्हणाली.

"नायक," जीवन म्हणाला, "तुमी म्हणता ते आण मी घेऊ शकत नाई. हे गोळी मले उद्या लागते, परवाबी लागते. किती दिवस, मले ठाऊक नाई. होळीले आणेपायी सोडली अन् पुन्हा गर्दवर गेलतो. गर्दची आण घेतो. गोळीची नाई घेत. जमत नसन तर इथूनच वापस जातो."

 धावजी लालीबाईकडं वळला. "लाली, चांदी तुही गेली. तूच सांग."

लालीबाई सावकाश चालत लेकासमोर आली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"उद्याची गोळी कुठं हाये?"

"वणीले, याडी," तो आईला म्हणाला.

"अन् गाडी?"

"तीनची. फाट्यावरून."

तिनं त्याच्या गळ्यातला दुपट्टा ओढला, झटकला आणि त्याच्या डोक्याला गुंडाळला, करकचून, लहानपणी बांधायची तसा. मग नातीवर खेकसली, "बसली काहून? खोच लवकर. जेवाले त्याले अर्धा घंटा लागते, गाडी चुकन त्याची."

राखीनं कोंब उपटले, पण हात अडला. पहिला मान नायकाचा. तिनं धावजीकडं पाहिलं.

"माह्यं मागून," नायक म्हणाला. "मले कुठं गाडी पकडाची हाये?"