गुरुवारचा प्याला

आमच्या ह्यांना गॉस्पोर्टच्या धक्क्यावर लोक अ‍ॅडमिरल म्हणून सलाम ठोकतात, तेव्हा मला आधी हसू येतं आणि मग अंगावर काटा येतो. घरात हे दार उघडतात ते बाजूला सरून. समोर कुणीही नसतं. तरी मान लववून म्हणतात, "आधी तुम्ही, कॅप्टन व्हेरल," आणि जरा थांबून मग आपण आत जातात. आरमारात वरिष्ठ पुढे. मेला तरी पुढेच, हे मला लग्नानंतर कळलं.

व्हेरल ह्यांचा कॅप्टन होता. हे त्याच्या हाताखाली पहिले लेफ्टनंट, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. आरमारात जेवण झालं की वाराप्रमाणे प्याला उचलतात. शनिवारी बायकांच्या नावाने, रविवारी दूर असलेल्यांच्या. आणि गुरुवारी, मेल्यांना लाज कशी ती नाही, "रक्ताची लढाई होवो, नाहीतर साथीचं वर्ष येवो!" म्हणजे वरचे मरोत आणि आम्ही चढू. ह्यांनी तो प्याला उचलला, व्हेरल खदाखदा हसला, स्वतःही प्यायला. पुढे जहाजावर तापाची साथ आली. व्हेरलला कॅनव्हासमध्ये शिवून समुद्रात सोडलं आणि जहाज ह्यांच्या हाती आलं. एकदा कॅप्टन झालं की नुसतं जगायचं. वरचे एकेक गळत जातात आणि माणूस अ‍ॅडमिरल होतो. "माझं कर्तृत्व काय, तर मी मेलो नाही," असं हे स्वतःच म्हणतात.

म्हणून आमच्याकडे गुरुवारी जेवणघर बंद. हे स्वयंपाकघरात ताट घेऊन बसतात, स्वयंपाकीण कितीही फुरंगटली तरी.

पण त्या गुरुवारी मुलं आली होती. मुलगा पियर्स आणि जावई, गाय त्याचं नाव, दोघं एकाच जहाजावर, गाय पहिला लेफ्टनंट आणि पियर्स दुसरा. दुसऱ्या दिवशी जहाजावर हजर व्हायचं, आणि तेही आफ्रिकेलाच जायचं होतं. हेस्टर, माझी लेक, पोटुशी. आता तिला काय सांगू, बाबांसोबत चुलीपाशी बस म्हणून? जेवणघर उघडलं. मटण भाजलं, पुडिंग केलं, आणि मनात म्हटलं, एका रात्रीने काय होतंय.

जेवणं झाली आणि आमचं कार्टं उभं राहिलं, हातात प्याला.

"दाजी, आज वार कुठला?"

"बस खाली, पियर्स," मी म्हटलं.

"आई, गंमत गं! रक्ताची लढाई होवो, नाहीतर साथीचं वर्ष—"

"वा रे मेव्हण्या!" गाय हसत ओरडला. "माझ्याच सासुरवाडीत माझ्या खुर्चीवर डोळा? घे बाबा, घे. पण ती एका बाजूला डुगडुगते, आधीच सांगून ठेवतो." आणि त्यानेही आपला प्याला रिकामा केला.

हेस्टरने नवऱ्याला कोपराने ढोसलं, पण तीही हसत होती. हे उठले, दार उघडलं आणि बाजूला सरले. "आधी तुम्ही, कॅप्टन." मुलांचं हसणं तिथेच थांबलं.

मी ह्यांना माडीवर गाठलं. "अहो, उद्याच्या उद्या लंडनला आरमाराच्या कचेरीत जा. गायला दुसऱ्या जहाजावर टाका, नाहीतर पियर्सला. तुमचा शब्द कोण मोडतंय?"

"आणि कारण काय सांगू? माझ्या घरात पोरांनी प्याला उचलला?"

"सांगा की! वेड्यात काढतील, काढू देत. वेडे तर आहातच!"

"डॅमरिस, त्या दोघांचं हसं होईल. भित्रे म्हणतील त्यांना." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला इतका संताप आला की मी ती रात्र खाली चुलीपाशी काढली. सकाळी दोघं गेले. गायने जाताना माझ्या गालाचा मुका घेतला, आणि त्या मेल्या आरमाराला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की खलाशीही लाजले असते.

हिवाळा सरता सरता हेस्टरला मुलगा झाला. आफ्रिकेच्या डाकेची वाट बघत आम्ही दिवस काढत होतो. अशाच एका दुपारी मिसेस ओल्डक्रॉफ्ट आल्या. पियर्स आणि गायच्या जहाजावर जे कॅप्टन, त्यांच्या ह्या बायको, पलीकडच्या गल्लीत राहतात. डाक मिळताच टोपीसुद्धा न घालता आल्या होत्या. हे उठून उभे राहिले.

"पियर्स..." त्या म्हणाल्या आणि घुटमळल्या. "पियर्स पहिला लेफ्टनंट झाला."

मला कळलं. ह्यांना तर त्या दारात दिसल्या तेव्हाच कळलं असावं. पण हेस्टरने बाळाला छातीशी धरून टुणकन उडी मारली.

"अगंबाई! म्हणजे गाय वर चढला! त्याला जहाज मिळालं! बाबा, तसंच ना? वरचा गेला की खालचा चढतो, तुम्हीच सांगता ना?" ह्यांनी मान खाली घातली. तिचा चेहरा उतरत गेला, आवाज मात्र चढत गेला. "कॅप्टन गेला असेल! बाबा, म्हणा ना, कॅप्टनच गेला! देवा, कॅप्टनच गेलेला असू दे!"

समोर कोण उभं आहे याचंही तिला भान उरलं नव्हतं.

मिसेस ओल्डक्रॉफ्ट पुढे आल्या. त्यांनी तिच्या हातातून बाळ अलगद काढून माझ्याकडे दिलं आणि तिचे दोन्ही हात धरले.

"नाही गं पोरी," त्या रडत रडत, माफी मागितल्यासारखं म्हणाल्या. "माझा नवरा बरा आहे."