कडेचा उजेड

नेरिडाने शेवटची फट काळ्या कापडाने झाकली, तोंडात धरलेले खिळे काढून खिशात टाकले आणि मागे सरून पाहिलं. मेंढ्यांची लोकर कातरायच्या जुन्या शेडची पूर्वेची भिंत आता विहिरीच्या तळासारखी काळी झाली होती. फक्त कोपऱ्यातलं दार तिने हातभर उघडं ठेवलं होतं. सूर्य डोंगराच्या वर आला की ऊन तिथून तिरकं आत येणार होतं, घोडीच्या मागून.

"अजून किती झाकशील?" उपड्या पिंपावर बसलेली अल्मा म्हणाली. "मला तसंही काही दिसत नाही."

"म्हणूनच झाकतेय, आत्या."

अल्माच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला होता. ज्याच्याकडे पाहावं तेच पुसलं जाई. कडेला थोडी नजर उरली होती, पण तिलाही उजेड आणि काळोख यांपलीकडे फारसं कळत नव्हतं. नेरिडा विक्रीच्या घोड्यांचे फोटो काढून पोट भरायची. अल्माच्या म्हाताऱ्या घोडीचे, एम्बरचे, तिने आजवर काढलेले सगळे फोटो त्याच धाटणीचे होते: ऊन समोरून, कान टवकारलेले, चारही पाय मोजता येतील असे. काळपट घोडी आणि मागे करडं कुरण. अल्माला आता ते सगळं कालवलेल्या चिखलासारखं दिसे.

आणि एम्बरचे दात गेले होते. पुढचा हिवाळा ती पाहील असं पशुवैद्याला वाटत नव्हतं.

"हातांनी तर मी तिला रोज बघते," अल्मा म्हणाली होती. "एकदा डोळ्यांनी दाखव. तू विज्ञान शिकलीस ना? मग काढ काहीतरी युक्ती."

युक्ती साधी होती. घोडीवर उजेड टाकायचाच नाही, तिच्या मागे ठेवायचा. हिवाळ्यात घोड्याच्या अंगावर दाट, लांब केस येतात. मागून ऊन आलं की प्रत्येक केस पेटतो आणि काळोखात घोडा एका जाड, तेजस्वी रेषेने काढल्यासारखा दिसतो. नेरिडाने आधी कुत्र्यावर करून पाहिलं होतं. तो फोटो पाहून अल्मा लगेच म्हणाली होती, "एक कान पडका. हा आपला मोझेस."

बाहेर खूर वाजले. अल्माचा नवरा कीथ एम्बरला घेऊन आत आला. तिच्या पाठीवर झूल होती आणि कीथच्या चेहऱ्यावर शाळेतून बक्षीस आणल्यासारखा भाव.

"आता बघ," म्हणत त्याने झूल ओढली.

घोडी नखशिखान्त कातरलेली होती. पाठ, पोट, मान, कानांच्या आतली लव, हनुवटीखालचे केस, ओठांवरच्या मिशा, काहीच उरलं नव्हतं. काळी कातडी पॉलिश केलेल्या बुटासारखी चमकत होती.

नेरिडाने कॅमेऱ्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.

"काय झालं?" अल्माने विचारलं. "कीथ, काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? कातरली. फोटो म्हटल्यावर काय, झिपरी उभी करू? आजवर जत्रेच्या रिंगणात एकदा तरी न कातरता नेलीय का आपण तिला?"

"काका," नेरिडा हळूच म्हणाली, "उजेड केसांनाच धरून राहणार होता."

कीथने घोडीकडे पाहिलं, मग दाराकडे. त्याने झूल उगीचच घडी घालून हातावर घेतली.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तू सांगायला उसंत कुठे देतोस?" अल्मा म्हणाली. "कातरायचं यंत्र हातात आलं की समोर काय आहे ते बघत नाहीस. मोझेस वाचला तेच नशीब." ती पिंपावर नीट सरकून बसली. "केस परत यायला पुढचा हिवाळा उजाडेल. आपल्याकडे आजचं ऊन आहे. काढ तू, नेरिडा."

ऊन आलं. दाराच्या फटीतून पिवळी पट्टी जमिनीवर पडली, सरकत एम्बरच्या मागच्या पायांपाशी आली, पाठीवर चढली. नेरिडा गुडघ्यांवर बसून फोटो काढत राहिली. जागा बदलली, कॅमेरा खाली नेला, घोडीला अर्धं पाऊल वळवलं. छोट्या पडद्यावर मानेची एक बारीक, तुटक रेघ येत होती. पडदा तिने अल्माच्या कानाजवळ धरला. तिथूनच अल्माला थोडं दिसे.

"कुंपणाची तार," अल्मा म्हणाली.

"मी चाऱ्याचं पोतं झटकू का मागे?" कीथने विचारलं. "धूळ चमकते."

"सगळा काळोख धुऊन निघेल, काका. राहू द्या."

एम्बर उघड्या अंगाने शहारली आणि तिने नाक फुरफुरवलं. काळ्या कापडापुढे श्वासाचा पांढरा ढग उजळला आणि विरून गेला. नेरिडाचा हात थांबला. वाफेचे थेंब. केसांहून कितीतरी बारीक, आणि ऊन मागून आलं की सर्वांत जास्त चमकणारे.

"आत्या, तुम्ही जुनी माणसं घोड्याला कशी हाक देता? नाकात?"

"हाक नव्हे. ओळख. आपण फुंकायचं, मग ती फुंकते."

"उठ मग."

कीथने तिला हात धरून घोडीपुढे नेलं आणि स्वतः बाजूला झाला. अल्माने टोपी काढून कोटाच्या खिशात कोंबली, दोन्ही तळहात एम्बरच्या जबड्याला लावले आणि तिच्या नाकपुडीत सावकाश फुंकलं. घोडीने कान पुढे केले. क्षणभर थांबून तिने उलट, लांब श्वास सोडला.

"पुन्हा," नेरिडा म्हणाली.

अल्मा फुंकत राहिली. तिला धाप लागली तरी ती मागे हटली नाही. "पुन्हा" ऐकू आलं की ओठांचा चंबू करी. ऊन मानेवरून कपाळावर, कपाळावरून जमिनीवर सरकलं आणि गेलं. कीथ पुढे झाला आणि त्याने दोघींच्या अंगावर मिळून झूल टाकली.

घरात नेरिडाने कॅमेरा मोठ्या टीव्हीला जोडला. कीथने पडदे ओढले. अल्मा खुर्चीत बसली आणि तिने तोंड चुलीकडे वळवलं, म्हणजे टीव्ही तिच्या नजरेच्या कडेला येईल.

पडदा काळा होता. मधोमध उजळलेली वाफ, आणि त्या वाफेत काळं कोरलेलं घोड्याचं नाक.

अल्मा बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली. मग तिचं बोट हवेत वर गेलं आणि हळूहळू खाली उतरत एका जागी आत वळलं.

"फाटकावर आपटली होती, तिथला खड्डा," ती म्हणाली. "एम्बर."

नेरिडाने मान हलवली. मग आत्याला ते दिसणार नाही हे आठवून "हो" म्हणाली.

अल्माचं बोट अजून वरच होतं. ते वाफेच्या दुसऱ्या बाजूला गेलं. तिथे ऊन विस्कटलेल्या पांढऱ्या केसांत शिरून जाड, तेजस्वी रेषा झालं होतं. गालावरची लव, हनुवटीवरचे चार केस, सगळं पेटलं होतं.

"आणि ही म्हातारी कोण?"

कीथने घसा खाकरला.

"माझ्या यंत्रातून सुटलेली," तो म्हणाला.

अल्माचा हात स्वतःच्या हनुवटीकडे गेला. तिथले केस तिने बोटांनी चाचपले. कित्येक वर्षांत आरशाने तिला काही दाखवलं नव्हतं.

"बंद करू, आत्या?"

"थांब," ती म्हणाली, आणि तोंड आणखी थोडं चुलीकडे वळवलं.